गाडी ८० ला का ओरडते? वेगमर्यादा पाळायला मदत करणाऱ्या यंत्रणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात गाडी चालवायला शिकवते. लायसन्स हातात पडलं तरी विद्यार्थी तुटत नाहीत. नवी गाडी घेतली, समृद्धी महामार्गावर पहिल्यांदा गेले, चालानचा मेसेज आला, की फोन येतोच. खालचे प्रश्न त्या फोनांमधून जमले आहेत आणि शक्य तिथे विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ताई, नव्या गाडीत वेगासाठी इतकी बटणं आहेत. सगळ्यांचं काम एकच का?

नाही, चार वेगळी कामं आहेत आणि लोकांची गल्लत इथूनच सुरू होते. पहिली यंत्रणा नुसती सांगते: वेग वाढला की बीप वाजते (प्रश्न २). दुसरी वेग धरून ठेवते, ती क्रूझ कंट्रोल. तिसरी वरून झाकण लावते, म्हणजे ठरवलेल्या आकड्यापुढे गाडी जाऊ देत नाही. कारमध्ये तिला स्पीड लिमिटर म्हणतात, ट्रक-बसमध्ये स्पीड गव्हर्नर. चौथी रस्त्यावरची पाटी कॅमेऱ्याने वाचते किंवा नकाशातून मर्यादा उचलते आणि स्क्रीनवर दाखवते.

शोरूममध्ये या सगळ्यांना मिळून ‘सेफ्टी फीचर’ म्हणतात. गाडी घेताना सरळ विचारा: ही सांगते, धरते, अडवते की वाचते? विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर टेस्ट ड्राइव्हच्या वेळी स्वतः लावून बघा.

२. माझी गाडी ८० च्या वर गेली की बीप-बीप करते. बिघाड आहे का?

बिघाड नाही, कायदा आहे. १ जुलै २०१९ नंतर भारतात तयार झालेल्या प्रत्येक नव्या कारमध्ये वेगाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्याच दिवसापासून चालकाची एअरबॅग, सीट बेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सरही सक्तीचे झाले. ८० ओलांडले की सूचना थांबून थांबून येते आणि १२० ओलांडले की न थांबता वाजत राहते.

ही बीप रस्ता ओळखत नाही. ती धरमपेठेतल्या गल्लीतही ८० लाच वाजणार आणि समृद्धीवरही ८० लाच. आपलं रोजचं जाणं-येणं सीताबर्डी, सक्करदरा, मानेवाडा, जरीपटका या भागांत. तिथे ८० ची वेळ यायच्या कितीतरी आधी आपण मर्यादा मोडून बसलेलो असतो आणि गाडी चकार शब्द काढत नाही. ‘गाडी ओरडली नाही, म्हणजे वेग बरोबर’ असं मानणारे माझ्याकडे दर महिन्याला येतात. म्हणून प्रश्न ५ जरूर वाचा. या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर तो वाचा.

३. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे, मग गाडी ८० पासूनच काऊन बोंबलते?

कारण बीपचा आकडा देशभरातल्या सगळ्या कारसाठी एकच ठरवलेला आहे. त्याचा समृद्धीच्या पाटीशी संबंध नाही. समृद्धीवर सपाट भागात हलक्या गाड्यांना १२० आणि घाटात १०० ची मर्यादा आहे. जड वाहनांना ८०. दुचाकी आणि तीनचाकींना तिथे प्रवेशच नाही.

१२० हा आकडा गाठायलाच हवा असा कोणी समजू नये. हिशोब करू. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, अंतर ५२० किलोमीटर. सलग १२० ने गेलात तर ४ तास २० मिनिटं, सलग १०० ने गेलात तर ५ तास १२ मिनिटं. फरक ५२ मिनिटांचा, आणि तोही एकदाही न थांबता गेलात तरच. मध्ये चहा-नाश्त्याला थांबलात की त्यातला बराचसा तिथेच जातो. मात्र १२० ला ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण ८० मीटर लागतात आणि १०० ला ५५. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही.

थांबून थांबून येणारी बीप त्रासदायक वाटते, हे मला मान्य आहे. पण शिवमडक्याहून निघाल्यावर सरळसोट काँक्रीटवर तासाभरात १२० सुद्धा संथ वाटायला लागतात. डोळ्यांना वेगाची सवय होते. त्या वेळी खरा आकडा आठवून द्यायला ती बीपच असते.

४. एक मेकॅनिक म्हणतो, ५०० रुपयांत बीप बंद करून देतो. करू का?

करू नका. ही यंत्रणा कायद्याने दिलेल्या सुरक्षेचा भाग आहे. गाडीत परवानगीशिवाय बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत हीच आवाजाची सर्किट सीट बेल्ट आणि दाराच्या सूचनेलाही वापरतात. एकीची वायर कापली की बाकीच्याही मुक्या होतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या गाडीत नेमकं हेच झालं आणि मागचं दार उघडं असल्याचं तिला चौकात शेजारच्या स्कूटीवाल्याने सांगितलं.

५. मग शहरासाठी ५० ला सूचना कशी लावायची?

बऱ्याच गाड्यांत कारखान्याच्या ८० च्या बीपशिवाय आणखी एक सूचना असते, जी आपल्याला हव्या त्या आकड्यावर लावता येते. मीटरच्या मधल्या छोट्या पडद्यावर किंवा मोठ्या स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ‘स्पीड अलर्ट’ किंवा ‘ओव्हरस्पीड वॉर्निंग’ या नावाने ती सापडते. आकडा ५ किंवा १० च्या पायरीने बदलतो. नाहीच सापडली तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत ‘स्पीड’ शोधा. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात कोरं पडलेलं असतं, त्याला एकदा हात लावा.

माझा सल्ला असा: शहरात तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरच्या पाटीवर जो आकडा असेल तोच लावा. वेगवेगळ्या रस्त्यांवर वेगवेगळ्या पाट्या असतील तर त्यातला लहान आकडा निवडा. पहिले दोन दिवस सूचना सारखी वाजेल. तिसऱ्या दिवशी ती वाजायच्या आत पाय उचलला जातो. हे मी असंख्य विद्यार्थ्यांमध्ये पाहिलंय, आणि शिकवायच्या माझ्या गाडीत सूचना कायम लावलेली असते.

एवढा आग्रह का, तर कोरडा डांबरी रस्ता, चांगले ब्रेक आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर ५० ला गाडी साधारण २८ मीटरमध्ये थांबते, ७० ला ४६ मीटरमध्ये. आकडा २० नेच वाढला, पण थांबायला १८ मीटर जादा लागले. रिक्षातून उतरून रस्ता ओलांडणारी आजी याच १८ मीटरमध्ये असते. सायकलवर क्लासला निघालेली मुलं त्यातच, आणि चौकाच्या तोंडाशी भाजीचा ठेला ढकलणारा माणूसही त्यातच. देशभरात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि सरकारी अहवालानुसार त्यांतले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. म्हणून ही साधी सेटिंग मी पहिल्या आठवड्यातच शिकवते, गियर आणि क्लच यांच्याबरोबर.

६. माझी गाडी २०१४ ची आहे. तिच्यात काहीच नाही. काय करू?

मोबाईल पुरतो. नकाशाची अॅप्स जीपीएसवरून वेग दाखवतात आणि काहींमध्ये ठरवलेल्या आकड्यावर आवाजही लावता येतो. निघायच्या आधी लावून ठेवा, चालत्या गाडीत हात लावू नका. फोन काचेवर नजरेच्या आड येईल असा चिकटवू नका, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात खाली लावा.

एक नागपुरी अडचण: मे महिन्यात ४५ अंशांत उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन इतका तापतो की तो स्वतःच बंद पडतो. एसीच्या जाळीला अडकवायचा स्टँड घ्या, थंड हवेमुळे फोन टिकतो.

७. क्रूझ कंट्रोल आणि स्पीड लिमिटर यांत फरक काय? मला दोन्ही सारखेच वाटतात.

क्रूझ कंट्रोलमध्ये पाय काढून घेता येतो, गाडी ठरवलेला वेग स्वतः धरते. लिमिटरमध्ये गाडी तुम्हीच चालवता, पाय तुमचाच, फक्त ठरवलेल्या आकड्याच्या वर एक्सलरेटर काम करत नाही. खरोखर गरज पडली तर एक्सलरेटर जोरात तळापर्यंत दाबला की लिमिटर बाजूला होतो. बहुतेक गाड्यांत तशी सोय असते.

शहरात लिमिटर उपयोगाचा, मोकळ्या हायवेवर क्रूझ. वर्धा रोडला दर अर्ध्या मिनिटाला ब्रेक लागतो, तिथे क्रूझ लावण्यात अर्थ नाही. पण लिमिटर ५० वर लावून छत्रपती चौक ते विमानतळ जाऊन बघा. मीटरकडे सारखं बघावं लागत नाही, डोळे रस्त्यावर राहतात. माझ्या मते आजच्या गाड्यांमधलं हे सगळ्यांत कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यांत उपयोगी बटण आहे.

अडॅप्टिव्ह क्रूझ हा तिसरा प्रकार. त्यात रडार किंवा कॅमेरा पुढच्या गाडीचं अंतर मोजतो आणि तिच्यामागे वेग आपोआप कमी-जास्त होतो. मर्यादा मात्र तो स्वतः ओळखत नाही, तुम्ही १३० लावले तर १३० ने जाईल.

साधा क्रूझ कंट्रोल काढणारे राल्फ टीटर हे अमेरिकन अभियंता लहानपणापासून अंध होते. दुसऱ्याच्या गाडीत बसलेले असताना वेगाचे हेलकावे त्यांना आपल्यापेक्षा जास्त जाणवत असणार. त्यांना १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये ती यंत्रणा पहिल्यांदा क्रायस्लरच्या गाड्यांत आली.

८. पावसात किंवा रात्री क्रूझ लावावा का?

पावसात नाही. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना चाक घसरलं तर साधा क्रूझ वेग टिकवण्यासाठी उलट जास्त ताकद देऊ शकतो. उतारावरही सावध राहा: बऱ्याच साध्या क्रूझमध्ये ब्रेक लागत नाही, त्यामुळे उतारावर वेग ठरवलेल्या आकड्याच्या वर जातो. रात्री लावायला हरकत नाही, पण पाय रिकामा राहिला की डोळे जड होतात. समृद्धीवर रात्री जाणार असाल तर दर दोन तासांनी उतरून चाला. ते काम कुठलीच यंत्रणा करत नाही.

९. मीटरवर ८० असतात तेव्हा मोबाईल ७५ दाखवतो. खरं कोण?

बहुधा मोबाईल, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर. गाडीच्या मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जास्त दाखवायला मुभा आहे: खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. म्हणजे खरा वेग ८० असताना मीटर ९२ पर्यंत काहीही दाखवू शकतो. त्यामुळे बहुतेक कंपन्या मुद्दाम थोडं जास्तच दाखवतात.

पण याचा फायदा घेऊन ‘मीटरवर ८५, म्हणजे खरे ८०’ असा हिशोब करू नका. जीपीएस वळणावर, झाडांखाली आणि उंच इमारतींमध्ये मागे पडतो. बोगद्यात तर तो अंधच असतो. इगतपुरीजवळच्या समृद्धीच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात तुमच्याकडे मीटरशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. मीटर पाळा.

१०. मी मोठे टायर लावले. वेगाच्या सूचनेवर फरक पडतो का?

पडतो, आणि चुकीच्या दिशेने. गाडी वेग मोजते ती चाकाच्या फेऱ्यांवरून. चाकाचा घेर ५ टक्के वाढला तर प्रत्येक फेरीत गाडी ५ टक्के जास्त पुढे जाते, पण मीटरला ते कळत नाही. म्हणजे मीटर कमी दाखवायला लागतं, बीप उशिरा वाजते आणि क्रूझ तुम्ही लावल्यापेक्षा जास्त वेग धरतो. एसयूव्हीवाल्यांनी टायर बदलताना बाजूवर लिहिलेले आकडे कंपनीने सांगितलेल्याच मापाचे घ्यावेत. दुचाकीलाही हेच लागू.

११. वर्धा रोडच्या पुलावर मोबाईल खालच्या रस्त्याची मर्यादा दाखवतो. कोणाचं ऐकू?

पुलाच्या तोंडाशी लावलेल्या पाटीचं. हा प्रश्न नागपुरातून सर्वांत जास्त येतो आणि त्याचं कारण आपले पूलच आहेत. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो, असं ३.१४ किलोमीटरचं बांधकाम आहे. गिनीज बुकातही त्याची नोंद आहे. कामठी रोडवर गड्डीगोदामजवळ तर रस्ता, त्याच्यावर रेल्वे, मग पूल आणि वर मेट्रो, असे चार थर आहेत. जीपीएस तुम्हाला आडव्या नकाशावर बरोबर जागी ठेवतो, पण उंची सांगताना त्याची चूक बरीच मोठी असते. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता नकाशावर एकमेकांवर बसलेले. त्यातून पुलाखालून जाताना वरचा स्लॅब उपग्रहाचा सिग्नल अडवतो. मग अॅप अंदाज बांधतं आणि खालच्याला वरचा, वरच्याला खालचा आकडा देतं.

अशीच गल्लत हायवेला समांतर धावणाऱ्या सर्व्हिस रोडवर होते. वाडी आणि बुटीबोरीकडे ती नेहमीची आहे. तुमच्या गाडीत पाटी वाचणारा कॅमेरा असेल तर अशा जागी तो नकाशापेक्षा भरवशाचा, कारण तो समोर दिसतं तेच वाचतो. अर्थात त्याच्याही चुका आहेत, त्या प्रश्न १२ मध्ये.

१२. पाटी वाचणाऱ्या कॅमेऱ्यावर किती विश्वास ठेवावा?

मदतनीस म्हणून ठेवावा, मालक म्हणून नाही. समोरच्या काचेच्या वरच्या बाजूला आरशामागे बसवलेला हा कॅमेरा लाल गोलातला आकडा शोधतो. पाटी स्वच्छ असेल तर तो उत्तम वाचतो. पण झाडाच्या फांदीने अर्धी झाकलेली पाटी, तिच्यावर बांधलेला वाढदिवसाचा फलक, उन्हाने उडालेला रंग, डिसेंबर-जानेवारीतलं सकाळचं धुकं, काचेवरची धूळ, यांतलं काहीही त्याला चुकवतं. कधी तो सर्व्हिस रोडची पाटी उचलतो. कधी पुढच्या ट्रकच्या मागे चिकटवलेला ८० चा गोल स्टिकरसुद्धा पाटी समजून वाचू शकतो.

काच आतून-बाहेरून पुसत जा. काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या. ते न करता गाडी परत दिली जाते आणि मग आकडे भलतेच येतात.

१३. युरोपात गाडी स्वतःच वेग कमी करते म्हणे. आपल्याकडे सक्तीची कधी होणार?

युरोपीय संघात ‘इंटेलिजंट स्पीड असिस्टन्स’ नावाची यंत्रणा नव्याने मंजूर होणाऱ्या मॉडेलना ६ जुलै २०२२ पासून आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ७ जुलै २०२४ पासून सक्तीची आहे. ती कॅमेरा, नकाशा किंवा दोन्ही वापरून मर्यादा ओळखते. ओलांडली तर कंपनीने निवडलेल्या पद्धतीप्रमाणे आवाज करते, थरथरते, एक्सलरेटर पायाला उलटा ढकलते किंवा हळूच इंजिनाची ताकद कमी करते. ब्रेक मारून गाडी थांबवते हा गैरसमज आहे. चालक एक्सलरेटर दाबून तिच्यावर मात करू शकतो, बंदही करू शकतो, पण गाडी पुन्हा सुरू केली की ती पुन्हा चालू होते.

भारतात कारसाठी आजची सक्ती प्रश्न २ मधल्या बीपपुरती आहे. मला स्वतःला ती रस्त्याच्या पाटीशी जोडलेली हवी आहे. त्याआधी पाट्या हव्यात: प्रत्येक रस्त्यावर, न झाकलेल्या आणि नकाशात बरोबर नोंदवलेल्या.

१४. स्पीड गव्हर्नर कोणत्या गाडीला लागतो? माझी टेम्पो ट्रॅव्हलर आहे, भावाचा टँकर.

दोघांनाही लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ११८ प्रमाणे १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या व्यावसायिक वाहनांना गव्हर्नर बसवूनच यावं लागतं. सर्वसाधारण मर्यादा ८०. डंपर, टँकर, स्कूल बस आणि धोकादायक माल वाहणारी वाहनं यांना ६०. म्हणजे तुमची ८० वर बांधलेली, भावाचा टँकर ६० वर. दुचाकी, तीनचाकी, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या गाड्यांना सूट आहे. पिवळ्या पाटीच्या बऱ्याच टॅक्सी कारखान्यातूनच ८० वर बांधून येतात.

काम कसं करतो, तर गिअरबॉक्सजवळचा सेन्सर वेगाचे ठोके मोजतो. ठरलेल्या आकड्याजवळ आलं की इंजिनाला मिळणारं डिझेल किंवा थ्रॉटल कमी केलं जातं. जुन्या गाड्यांत त्यासाठी वेगळा डबा लावतात, नव्यांत इंजिनाचा संगणकच ते करतो.

स्कूल बसमध्ये मुलं पाठवणाऱ्या पालकांनी बसमालकाला गव्हर्नरचं प्रमाणपत्र विचारायला संकोच करू नये.

१५. गव्हर्नरमुळे ओव्हरटेक अर्धवट राहतो, जीव धोक्यात जातो. हे खरं ना?

हा आक्षेप खोटा नाही, म्हणून नीट हिशोब करते. पुढचा ट्रक ७० ने चालला आहे आणि तुम्ही ८० वर बांधलेले. दोघांच्या वेगातला फरक १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. मागून सुरुवात करून सुरक्षित अंतर ठेवून पुढे यायला ७० मीटर तरी मिळवावे लागतात. म्हणजे २५ सेकंद. तेवढ्या वेळात तुम्ही ५५० मीटरपेक्षा जास्त रस्ता कापता. समोरून कोणी ८० ने येत असेल तर तोही तितकाच रस्ता कापून येतो. म्हणजे समोरचा किलोमीटरभर रस्ता मोकळा हवा.

दुभाजक नसलेल्या दोन पदरी रस्त्यावर इतका मोकळा रस्ता फार क्वचित मिळतो. तेव्हा १० च्या फरकाने ओव्हरटेक करायचाच नाही. गव्हर्नर नसतानाही हाच हिशोब लागू होता, फक्त दिसत नव्हता. दुभाजक असलेल्या चौपदरीवर हा धोका उरत नाही, पण दोन ट्रक शेजारी-शेजारी रेंगाळले तर मागे रांग लागते. तिथे पुढच्या ट्रकवाल्याने थोडा पाय उचलून वाट द्यावी. जुने ड्रायव्हर हे करतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

१६. पासिंगच्या दिवशी गव्हर्नर जोडतात आणि नंतर वायर काढतात. पकडलं जातं का?

जातं. पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, आरटीओत सील आणि प्रमाणपत्र तपासतात. रस्त्यावर तपासणीत सील तुटलेलं दिसलं तर मालक अडकतो (कलम प्रश्न ४ मध्ये). प्रवासी वाहनांना आता गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र आणि पॅनिक बटण बंधनकारक आहे. ते यंत्र वेगाचीही नोंद पाठवतं. ८० वर बांधलेली गाडी १०५ ने धावल्याची नोंद निघाली की कुणाला काही समजावून सांगायची गरज राहत नाही. अपघातानंतर विमा कंपनी हीच नोंद मागू शकते.

ड्रायव्हरने मालकाच्या सांगण्यावरून वायर काढली तरी अतिवेगाची जबाबदारी चालवणाऱ्यावरही येते. नोकरीतल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं आणि मालकाने असं सांगणं थांबवावं.

१७. ‘आपली बस’मध्ये कॅमेरे लावलेत, ते वेगासाठी का?

मुख्यतः धडक टाळण्यासाठी. २०२१ मध्ये नागपुरात ‘आय-रास्ते’ प्रकल्प सुरू झाला. त्यात महापालिका, इंटेल, हैदराबादच्या आयआयआयटीमधलं आयएनएआय केंद्र, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्रा असे भागीदार होते. शहर बसमध्ये समोर बघणारा कॅमेरा बसवला. पुढचं वाहन किंवा पादचारी फार जवळ आला, बस पट्टा सोडून सरकली, की चालकाला लगेच आवाजाने कळतं.

मला त्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. कुठल्या चौकात, कुठल्या वळणावर सूचना वारंवार वाजतात, याचा नकाशा तयार होतो. अपघात होण्याआधीच धोक्याची जागा सापडते. त्यांना ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात. अपघातात माणसं गेल्यावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवत बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

१८. मुलगा गाडी नेतो. घरबसल्या त्याचा वेग कळेल का?

इंटरनेटला जोडलेल्या बऱ्याच नव्या कारमध्ये कंपनीच्या अॅपवर वेगाची मर्यादा टाकता येते. ती ओलांडली की तुमच्या फोनवर मेसेज येतो. मुलाला सांगून लावा, लपवून नको. लपवल्याचं कळलं की तो मित्राची गाडी नेतो आणि तिथे तुमचं अॅप नाही.

मुलगा १८ च्या आतला असेल तर अॅपचा प्रश्नच नाही, किल्ली देऊ नका. कलम १९९-अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

१९. कॉलेजच्या मुलीसाठी बिनानंबरची ई-स्कूटर घेतली. दुकानदार म्हणतो, ‘लॉक काढून ४५ करून देतो.’

नको. ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग, २५० वॅटच्या आतली मोटर आणि बॅटरी सोडून ६० किलोच्या आतलं वजन, या अटींत बसते म्हणूनच ती स्कूटर नोंदणी आणि लायसन्सशिवाय चालते. लॉक काढलं की ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होते, पण तिला नंबर नाही, विमा नाही आणि मुलीकडे लायसन्स नाही. कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून. शिवाय त्या स्कूटरचे ब्रेक आणि टायर २५ साठीच बनवलेले असतात. वेग हवा असेल तर नोंदणीची स्कूटर घ्या.

२०. गाडी एकदाही वाजली नाही, तरी वेगाचं चालान आलं. दाद मागता येईल का?

बीप वाजली नाही हे कारण चालत नाही (प्रश्न २). पण कॅमेऱ्याच्या चालानालाही नियम आहेत. २०२१ साली आलेल्या नियम १६७-अ प्रमाणे उपकरण प्रमाणित असावं लागतं, कॅमेरा असल्याचा फलक आधी लावावा लागतो आणि घटनेपासून १५ दिवसांत सूचना पाठवायची असते. चालानासोबतचा फोटो उघडून नंबर, जागा, तारीख आणि वेग तपासा. एमएच ३१, ४० आणि ४९ मधला एक आकडा चुकून दुसऱ्याची गाडी आपल्या माथी आल्याचं मी पाहिलंय. तसं असेल तर महाट्रॅफिकच्या अॅपवर तक्रार नोंदवता येते.

कायद्यातला दंड हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनांना २,००० ते ४,०००. दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त होऊ शकतं.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या चालानासोबत अॅप डाउनलोड करायची फाइल असेल तर ती उघडू नका, ती फसवणूक असते. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असतं, तिथे स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकून बघा.

२१. घरात पेशंट आहे, मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) न्यायचंय. तेव्हा लिमिटर काढून पळवली तर चालते का?

रुग्णवाहिकेला जी सूट आहे ती खासगी गाडीला नाही. पण मला कायद्यापेक्षा वेगळी काळजी आहे: घाबरलेला नातेवाईक, मागच्या सीटवर कण्हणारा माणूस आणि हात दाबून वाजवलेला हॉर्न. अशा वेळी चालवणारा रस्त्याकडे बघत नाही, मागे बघतो. आधी १०८ ला फोन करा. ती येईपर्यंत वेळच नसेल आणि स्वतः न्यायचंच असेल तर पेशंटजवळ एकजण बसवा, पार्किंग लाइट चालू ठेवा आणि लिमिटर ५० वरच राहू द्या. सहा किलोमीटरचं अंतर सलग ५० ने ७ मिनिटं १२ सेकंदांत पार होतं, ७० ने ५ मिनिटं ९ सेकंदांत, आणि मधले सिग्नल दोघांनाही सारखेच थांबवतात.